आकाशातले अनोळखी पाहुणे

दादरच्या चौपाटीवर सूर्यास्तानंतर रेंगाळणाऱ्यांना कधी कधी पश्चिमेला, समुद्राच्या वर, एक ठसठशीत प्रकाशबिंदू दिसतो. खाली उतरू लागला की तो मधूनच लाल-हिरवा चमकतो. टक लावून पाहिले तर जागचा हललासारखा वाटतो. मग कुणीतरी हळूच म्हणतो, "उडती तबकडी तर नसेल?"

ती तबकडी नसते, शुक्र असतो. क्षितिजाजवळचा प्रकाश हवेच्या जाड थरातून वाकत, थरथरत येतो, म्हणून रंग बदलतात. अंधारात तुलनेला जवळ दुसरे काही नसले, की स्थिर बिंदूही हलल्याचा भास होतो. धावत्या गाडीतून तर तो आपल्याबरोबरच येतो आहे असे वाटते.

'उडती तबकडी' हा शब्दही असाच गमतीने जन्मला. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या अमेरिकी वैमानिकाने नऊ चमकत्या वस्तू पाहिल्या. पाण्यावर बशी भिरकावली तर ती जशी उड्या घेत जाईल, तशी त्यांची चाल होती, असे त्याने सांगितले. वर्तमानपत्रांनी चालीची बशी आकाराला चिकटवली आणि मग लोकांनाही बश्याच दिसू लागल्या! अमेरिकी हवाई दलाने १९६९ पर्यंतच्या १२,६१८ नोंदी तपासल्या. त्यांपैकी ७०१ सोडून बाकीच्यांचा उलगडा झाला. ग्रह, तारे, उल्का, विमाने, फुगे, हेच त्यांतले बरेचसे पाहुणे. उरलेल्यांची ओळख पटली नाही, याचा अर्थ एवढाच की ओळख पटली नाही. ते परग्रहावरून आले, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

आपल्याकडचेही एक उदाहरण आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात हजारोंनी आकाशातून जळत जाणारे रेघांचे झुबके पाहिले. कुणी उल्का म्हणाले, कुणी विमान कोसळले म्हणाले, कुणी आणखी काही. पण उल्का सहसा क्षणा-दोन क्षणांत विझते. तिचा वेग सेकंदाला किमान ११ किलोमीटर असतो. इथे लोकांना खिशातून मोबाईल काढून चित्रण करण्याइतका वेळ मिळाला! कक्षेतून खाली येणारी वस्तू सेकंदाला साधारण ८ किलोमीटर वेगाने, जवळजवळ आडवी येते आणि वाटेत तिचे तुकडे होतात. खगोल-अभ्यासकांनी हिशेब मांडला, तो फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी 'लाँग मार्च ३ बी' अग्निबाणाच्या एका टप्प्याशी जुळला.

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे ३ मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. पुढे आसपास धातूचे गोळेही सापडले. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. पण ते कडे एखाद्या घरावर पडते तर?

म्हणून हा विषय केवळ करमणुकीचा नाही. अवकाशातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केले, तर भरपाईची जबाबदारी ती सोडणाऱ्या देशावर टाकणारा आंतरराष्ट्रीय करार १९७२ पासून अस्तित्वात आहे. मात्र भरपाई मागायची तर वस्तू कुणाची, हे आधी ठरायला हवे. 'परग्रहवासी' म्हटले की प्रश्न तिथेच संपतो, आणि जबाबदारीही!

तेव्हा लालबागच्या चाळीच्या गच्चीवरून असो वा गावच्या अंगणातून, आकाशात काही नवल दिसले तर घड्याळ पाहा. दिशा लक्षात ठेवा. हात लांब करून, क्षितिजापासून ते किती मुठी वर आहे ते मोजा. किती सेकंद दिसले, आवाज आला का, तुकडे झाले का, हे लिहून ठेवा. एवढ्या चार ओळी अभ्यासकाला पुरतात. आणि खाली काही पडलेच, तर हात न लावता आधी पोलिसांना कळवा.