खजिना विहीर गोल का?

सरकारी इमारतीच्या आकाराचा विषय निघाला की दिल्लीची जुनी संसद हटकून पुढे येते. हर्बर्ट बेकरला तीन पंखांची इमारत हवी होती, एडविन लट्यन्सने गोलाचा आग्रह धरला आणि १९२१ मध्ये पायाभरणी झाली ती गोल इमारतीची. त्या वादावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र वर्षानुवर्षे ओढ आहे ती आपल्याकडच्या एका जुन्या सरकारी गोलाची. मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडकडे निघालात की शहराच्या सहाएक किलोमीटर अलीकडे खजिना विहीर लागते.

इतिहास ठाऊकच आहे. साल १५८२, अमल मूर्तझा निजामशहाचा, बांधून घेणारा बीडचा जहागीरदार सलाबत खान. त्याच सुमारास अहमदनगरजवळ तळ्याच्या मधोमध फराहबागेचा अष्टकोनी महाल पुरा होत होता. तिथे पाणी आणले ते सुलतानाच्या विसाव्यासाठी, इथे शेतासाठी. मला दुसरे काम थोर वाटते.

आता आकाराकडे वळू. एरवी मराठवाड्यातली विहीर म्हणजे अरुंद आणि खोल. ही मात्र ऐसपैस आणि रुंदीच्या मानाने उथळ. हिच्यातून पाणी शेंदायचे नव्हतेच. तिच्या पोटात तीन भुयारी कालवे उघडतात. दोन पाणी आणतात, तिसरा ते बाहेर बलगुजारच्या शेतीकडे नेतो. म्हणजे ही विहीर कमी आणि पाण्याचे जंक्शन जास्त. इराणातले कनात, बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा, औरंगाबादची नहर-ए-अंबरी हे सगळे याच कुळातले. मोट नाही, बैल नाही. सगळा कारभार उताराचा.

गोल आकाराचे कारण बांधकामातही आहे. चहूबाजूंनी रेटणाऱ्या मातीला सरळ भिंत आज ना उद्या पोट काढते. गोल भिंतीत प्रत्येक दगड शेजारच्याला दाबून धरतो, त्यामुळे माती जितकी रेटेल तितके बांधकाम घट्ट होते. शिवाय कोपरेच नसल्यामुळे कालवा कुठल्याही दिशेने आत घेता येतो.

या विहिरीची ख्याती अशी की पाणी पावसाळ्यात वाढत नाही आणि दुष्काळात घटत नाही. लोक याला चमत्कार म्हणतात. माझ्या मते ते रचनेचे यश आहे. बाहेर जाणाऱ्या कालव्याचा उंबरा ज्या उंचीवर, त्याच उंचीवर पाणी थांबणार. गच्चीवरच्या टाकीची ओव्हरफ्लो नळी हेच करते. झरा जोरात असला की जादा पाणी कालव्यातून निघून जाते. झरा मंदावला तरी तो वाहता असेपर्यंत पातळी उंबऱ्याशीच राहते. चढउतार होतो तो कालव्याच्या धारेत. दुष्काळ मोजायचा तर विहिरीत डोकावून भागणार नाही, शेताच्या टोकाशी उभे राहावे लागेल.

हे गणित मांडणाऱ्याचे नाव राजा भास्कर असे सांगतात. नावापलीकडे त्याच्याविषयी जवळजवळ काहीच हाती लागत नाही, आणि याची मला खंत वाटते. बालाघाटाच्या बेसॉल्टच्या थरांमधून झिरपणारे पाणी पायथ्याशी कुठे आणि किती खोलीवर भेटेल, हे त्याने यंत्रांवाचून ओळखले. भुयाराचा उतार जास्त झाला तर पाणी माती खात जाते, कमी झाला तर गाळ बसतो. या दोहोंच्या मधली बारीक फट त्याला सापडली. जहागीरदाराने पैसा दिला, आकार दिला तो भास्करने. तिथल्या फलकावर त्याचे नाव सलाबत खानाइतक्याच ठळक अक्षरांत हवे.

आणि जतन करायचे ते नुसत्या दगडी गोलाचे करून चालणार नाही. वरच्या उतारावर बोअर पाडून थर कोरडा केला तर उंबरा जागेवर राहील, पाणी राहणार नाही. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने शेती आणि उद्योगासाठी साठ मीटरांखालच्या खोदाईला बंदी घातली आहे. बालाघाटाच्या या उतारावर तो कायदा काटेकोर राबवला गेला, तरच राजा भास्करचे काम टिकेल.