पिल्लांच्या उबेचा गॅस ब्रूडर व त्याची निगा

शेतीस जोडधंदा म्हणून कोंबड्या पाळणाऱ्या बागाईतदारांस एक दिवसाचीं पिल्लें आणल्यानंतरचे पहिले दहा-पंधरा दिवस किती जोखमीचे असतात, हें सांगावयास नको. त्या पिल्लांस आईची ऊब नसते. पहिल्या आठवड्यांत त्यांच्या पाठीच्या उंचीवर सुमारें ९५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३५ अंश सेल्सिअस, इतकी उष्णता असावी व पुढें दर आठवड्यास पांच अंश फॅरनहाइटनें ती उतरवीत न्यावी, असा ठोकताळा आहे. ही ऊब कोणी कोळशाच्या शेगडीनें देतात, कोणी विजेच्या दिव्यांनीं. परंतु ऐन पौषांत मध्यरात्रीं वीज गेली म्हणजे पिल्लें एका जागीं ढीग करून गुदमरतात, हा अनुभव ज्यांस आला त्यांनीं गॅसचा ब्रूडर आणला. आणला हें योग्यच केलें. मात्र आणल्यावर त्याची जी हेळसांड चालते ती आम्हांस बरी वाटत नाहीं. विहिरीवरच्या मोटारीस ग्रीस आणि ट्रॅक्टरास ऑइल हें न चुकतां होतें. ब्रूडर मात्र पेटला म्हणजे चांगला आहे असें समजलें जातें. पेटणें निराळें व नीट जळणें निराळें.

ब्रूडरची रचना साधी आहे. सिलिंडरांतील गॅस रेग्युलेटर व नळी यांतून येऊन एका पितळी जेटच्या बारीक छिद्रांतून जोरानें बाहेर पडतो. त्या जोरानेंच तो बाजूची हवा आपल्याबरोबर ओढून घेतो, आणि हें मिश्रण चिनीमातीच्या किंवा धातूच्या जाळीवर जळून ती जाळी लाल होते. तिची आंच खालीं पिल्लांवर पडते. एक किलो गॅस पुरता जळण्यास सुमारें बारा घनमीटर हवा लागते, व जळल्यावर त्यापासून सुमारें तीन किलो कार्बन डायऑक्साइड आणि दीड किलो पाण्याची वाफ होते. शेडांतील ब्रूडरास बहुधा धुराडें नसतें. म्हणजे हें सारें शेडांतच राहतें. तुसाची गादी वरून ओली कशी झाली, असें कित्येक जण विचारतात. तिचें एक कारण ही वाफ होय.

हें यंत्र वापरानें जितकें बिघडत नाहीं तितकें पडून राहिल्यानें बिघडतें. एका खेपेस तें दोन आठवडे जळतें आणि मग महिनाभर शेडांतच टांगलेलें राहतें. त्या मुदतींत खाद्याची, पिसांची व तुसाची धूळ त्याच्या हवेच्या वाटेंत बसते, कोळी जाळें करतो, कुंभारीण माशी मातीचें घर बांधते, आणि गादीतून निघणारा अमोनिया पितळेस खातो. म्हणून नवीं पिल्लें यावयाच्या दोन-तीन दिवस आधीं ब्रूडर खालीं उतरून, गॅस जोडण्यापूर्वीं, मऊ ब्रशानें व सायकलच्या पंपानें तो स्वच्छ करावा. धूळ अडविणारी गाळणी असल्यास ती निर्मात्याच्या पत्रकांत सांगितल्याप्रमाणें साफ करावी व पूर्ण कोरडी झाल्यावरच बसवावी. पिल्लें असतांना तर ही गाळणी वरचेवर पाहावी लागते. जेटचें छिद्र बुजलें असल्यास त्यांत तार किंवा सुई कदापि घालूं नये. छिद्र किंचित् मोठें झालें कीं गॅस जास्त येतो, हवा पुरत नाहीं, व तो ब्रूडर पुढें कधींच नीट जळत नाहीं. हवेच्या फुंकरीनें न निघाल्यास जेट नवा घालावा. त्याची किंमत एका पिल्लाच्या खोक्याहूनही कमी पडते.

आतां गळतीची तपासणी. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यांत उग्र वासाचें द्रव्य मिसळलेलें असतें. घरांत तेवढें पुरतें. पण कोंबड्यांच्या शेडांत अमोनियानें नाक आधींच बधिर झालेलें असतें, म्हणून येथें नाकावर भिस्त ठेवणें आम्हांस मान्य नाहीं. साबणाचें फेंसाळ पाणी करून सिलिंडरचें तोंड, रेग्युलेटर, नळीचीं दोन्ही टोंकें व प्रत्येक सांधा यांवर लावावें. बुडबुडा आला तर गळती आहे. काडी ओढून पाहण्याची रीत अद्याप कोठें कोठें आढळते, तिजबद्दल अधिक काय लिहावें! नळी हातानें वांकवून तीवर चिरा आहेत काय तें पाहावें, आणि उंदीर-घुशींचे दांत कोठें लागले आहेत काय तेंही पाहावें. तारेची जाळी असलेली आयएसआय छापाची नळीही फार तर पांच वर्षें चालवावी. शेडांत त्यापूर्वींच ती बदलण्याची पाळी येते.

हा गॅस हवेहून जड आहे. गळला तर तो वर न जातां गादीवर, पिल्लांमध्यें व गटारांत पसरतो. वास आल्यास सिलिंडर बंद करावा, पडदे सोडावे, माणसांस बाहेर काढावें, आणि विजेचें कोणतेंही बटण दाबूं नये, चालू असलेलें बंदही करूं नये. गॅसच्या आपत्तीकरितां १९०६ हा दूरध्वनि क्रमांक आहे. तो शेडाच्या दारावर रंगानें लिहून ठेवावा.

ज्योत विझल्यास गॅस आपोआप बंद करणारी झडप चांगल्या ब्रूडरास असते. पेटवितांना अर्धा मिनिट बटण दाबून धरावें लागतें, तें या झडपेकरितांच. गडी कंटाळून तें बटण सुतळीनें बांधून ठेवतात, असें आम्हीं एकाहून अधिक ठिकाणीं पाहिलें आहे. असें करणें म्हणजे विहिरीचा कठडा काढून त्याच्याच विटांची पायरी करण्यासारखें आहे. ब्रूडर तापल्यावर सिलिंडर बंद करावा. ज्योत गेल्यावर साधारण एका मिनिटांत झडपेचा ‘टक्’ असा आवाज यावयास पाहिजे. न आल्यास तो ब्रूडर दुरुस्त होईपर्यंत पेटवूं नये.

टांगणीस लोखंडी सांखळी असावी, आणि शक्य तर दुसरी राखीव सांखळीही असावी. महसुलाच्या नोकरींत असतांना जळालेल्या गोठ्यांचे व शेडांचे पंचनामे लिहिण्याचें काम आमच्याकडे बरींच वर्षें होतें. कारणाच्या रकान्यांत बहुधा विजेचें नांव पडे, आणि राखेंत अर्धवट जळालेल्या नायलॉनच्या दोरीचा तुकडा सांपडे. कोरडें तूस व लाल जाळी यांमध्यें निर्मात्यानें सांगितलेलें अंतर हवें, व तें दोरीच्या भरंवशावर सोडूं नये.

सर्वांत जपण्याची गोष्ट हवा ही होय. थंडीच्या दिवसांत, विशेषतः निफाडसारख्या कडाक्याच्या थंडीच्या भागांत, ऊब व गॅस दोन्ही वाचावीं म्हणून पडदे वरपर्यंत घट्ट बांधतात. हवा कमी पडली कीं गॅस अर्धवट जळतो व त्यापासून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तास तो प्राणवायूच्या दोनशें पटींहून अधिक ओढीनें चिकटतो. पिल्लांजवळ झोपणाऱ्या गड्याचें डोकें दुखतें, मळमळतें. तो त्यास जागरण किंवा पित्त समजतो व पुनः आडवा होतो. बाहेर मोकळ्या हवेंत बरें वाटतें आणि आंत आल्यावर पुनः दुखतें, ही या विषाची खूण आहे. अशा वेळीं त्यास ताबडतोब बाहेर न्यावें, ब्रूडर बंद करावा व डॉक्टरकडे जावें. आमचें स्पष्ट मत असें कीं, ब्रूडर जळत असलेल्या शेडांत कोणासही झोपूं देऊं नये. त्याची खाट शेजारच्या खोलींत असावी व त्यानें ठराविक वेळीं आंत फेरी मारावी. पडदा खालून वर चढणारा असावा व वर निदान वीतभर फट रात्रंदिवस मोकळी असावी. या वायूची सूचना देणारें, सेलवर चालणारें यंत्र बाजारांत मिळतें. तें माणसाच्या नाकाच्या उंचीवर लावावें. पिल्लांच्या हजारांच्या खर्चांत तें जड नाहीं.

जाळी सर्वत्र सारखी लाल दिसली तर जळणें ठीक आहे. मध्येंच काळे डाग, पिवळ्या जिभा, काजळी किंवा फटफट आवाज दिसूं-ऐकूं आल्यास हवा अडली आहे असें समजावें.

सिलिंडर शेडाबाहेर, सावलींत, उभा ठेवावा. थंडींत गॅस भराभर ओढला तर त्यावर दंव जमतें व दाब उतरतो. तेव्हां त्यास कढत पाणी किंवा शेक देऊं नये, दोन सिलिंडर जोडून भार वांटावा, व ती जोडणी गॅसच्या विक्रेत्याकडून करून घ्यावी. धंद्याकरितां १९ किलोचा सिलिंडर घ्यावयाचा असतो, घरगुती १४.२ किलोचा वापरणें नियमाविरुद्ध आहे. सिलिंडरच्या कडीखालच्या पट्टीवर अक्षर व वर्ष असतें. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर व डी ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘बी २७’ असेल तर जून २०२७ नंतर तो सिलिंडर पुनः चाचणी झाल्याखेरीज घेऊं नये.

या सर्वांची एक वही करावी. तारीख, ब्रूडरचा क्रमांक, नळी बसविल्याचें वर्ष, साबणपाणी कोणीं लावलें, झडप वाजली किंवा कसें, इतके रकाने पुरेत; शेवटीं सही घ्यावी. सही करणारा माणूस काम करून सही करतो, हा कचेरींतला आमचा अनुभव अगदींच खोटा नाहीं.

खेप संपल्यावर सिलिंडर आधीं बंद करून नळींतला गॅस जळूं द्यावा, ब्रूडर निवल्यावर पुसावा, जाड कापडाच्या पिशवींत बांधावा आणि शेड धुण्यापूर्वीं बाहेर कोरड्या खोलींत नेऊन टांगावा. नळीचें उघडें टोंक मात्र बुचानें बंद करण्यास विसरूं नये, नाहींतर कुंभारीण माशीस तेवढी जागा पुरते.