पोलादी पेटींतील घर

मालमोटारींचा धंदा करणाऱ्या माल्कम मॅक्लीन ह्या अमेरिकन गृहस्थानें १९५६ च्या एप्रिलमध्यें मालाच्या ५८ पेट्या जहाजावर चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टन बंदरीं धाडल्या. त्याच पद्धतीची पोलादी पेटी आतां ‘कंटेनर’ ह्या नांवानें जगभर फिरते, आणि प्रवास संपल्यावर कधीं कधीं तिचें घरही होतें. लंडनमध्यें थेम्सकांठीं २००१ सालीं असे कंटेनर रचून तीन मजली इमारत उभी राहिली. पुढें तिच्यावर चौथा मजला चढला.

भरलेले कंटेनर जहाजावर एकावर एक रचतां येतात. तेव्हां त्यांच्या मजबुतीविषयीं शंका कशाला, असें कोणासही वाटेल. परंतु तो भार छपरावर नसतो. तो चार कोपऱ्यांच्या खांबांवर असतो. भिंतींचा नागमोडी पत्रा हा सांगाडा ताठ ठेवतो. दारांखिडक्यांसाठीं पत्रा कापला कीं ताठपणा उणावतो, आणि तेथें पोलादी चौकट बसवून तो भरून काढावा लागतो.

दुसरा प्रश्न हवेचा. पोलाद उन्हांत झपाट्यानें तापतें. थंडींत खोलींतील दमट हवेचें गार पत्र्यावर पाणी होतें व गंज चढतो. म्हणून आंतून उष्णतारोधक अस्तर हवेंच. पण बाहेरून आठ फूट रुंद असलेल्या पेटींत अस्तर लावल्यावर राहावयास जेमतेम सात फूट उरतात. शिवाय तळाच्या प्लायवुडला पुष्कळदा कीटकनाशक औषध लावलेलें असतें. तें काढावें किंवा नीट झांकावें लागतें.

म्हणून केवळ पेटी स्वस्त मिळते एवढ्यावर भुलूं नये. पाया, चौकटी व अस्तर ह्यांचा खर्च आधीं इंजिनियराकडून काढून घ्यावा, आणि मगच सौदा करावा.