क्लेचा हलवा आणि वाळूतला कुकर

संक्रांतीच्या आधी आठवडाभर मामेबहिणीचा फोन आला. ती केदारखेड्याला असते, भोकरदन तालुक्यात. माझं आजोळ ते. "ताई, मणी तुटायलेत. सुईत ओवायला घेतलं की बिस्किटासारखे मोडतात. तू प्लास्टिकवरच पीएचडी करायलीस ना, मग सांग काय चुकलं."

हे मणी पॉलिमर क्लेचे. दोन वर्षांपासून ती जिलेबीची कानातली, पेढ्याची अंगठी, बालूशाहीची कीचेन असलं काहीबाही बनवते आणि विकते. यंदा तिने पहिल्यांदाच हलव्याच्या दागिन्यांसारखे दिसणारे क्लेचे संच करायला घेतले होते. आठ संचांची ऑर्डर, अर्धे पैसे आगाऊ घेतलेले, आणि 57 ग्रॅमच्या वड्या बाहेरून मागवण्यात ते पैसे संपलेलेसुद्धा. त्यामुळे हा ब्लॉग नेहमी वाचणाऱ्यांना मागच्या वेळी कबूल केलेला आलेख या वेळी मिळणार नाही. तसा विषय माझाच आहे म्हणा. पीव्हीसीमधलं प्लास्टिसायझर कुठे राहतं आणि कधी बाहेर पडतं, हेच मी प्रयोगशाळेत मोजत असते.

आधी नावातला घोळ. 'क्ले' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे माती येते, पण यात मुख्य माल पीव्हीसी आहे. पाण्याचे पाइप आणि वायरची आवरणं ज्याची असतात तेच, फक्त अतिशय बारीक पुडीच्या रूपात. त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य, थोडा खनिज भराव आणि रंग मळलेला असतो. युरोपात याचा एक जुना प्रकार जर्मनीतल्या बाहुल्या बनवणाऱ्या काटे क्रूझ यांच्या घरातून आला. त्यांच्या मुलीचं लाडाचं नाव फिफी, त्यावरून 'फिमो'. 1964 मध्ये एबरहार्ड फाबर कंपनीने ते विकत घेतलं.

खऱ्या मातीचा दागिना आमच्या भागाला नवा नाही. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. तिथे 1973 मध्ये झालेल्या उत्खननात सातवाहन काळातले मणी आणि भाजलेल्या मातीच्या वस्तू निघाल्या. माती भाजताना साधारण 500 ते 600 अंशांना तिच्या कणांत बांधलेलं पाणी निघून जातं, आणि मग ती पुन्हा कधी चिखल होत नाही. पॉलिमर क्लेमधून तसं काहीच जात नाही. सगळी गडबड इथेच होते.

बहिणीला विचारलं, कसं केलंस? तर आधी दोन दिवस पत्र्यावर उन्हात वाळवले! तिने पूर्वी मक्याचं पीठ आणि फेव्हिकॉलची क्ले केलेली. त्यात पाणी असतं, ते उडालं की वस्तू कडक होते आणि थोडी आक्रसतेही. तोच हिशेब तिने इथे लावला. पण पॉलिमर क्लेमध्ये उडायला पाणी नाहीच. उन्हात ठेवलीत तर फार तर धूळ बसेल.

मग होतं काय? साबुदाणा डोळ्यांसमोर आणा. दाणे भिजत घातले की पाणी आत शिरतं, दाणा फुगतो, पण वेगळाच राहतो. हातात दाबला तर गोळा होतो आणि सोडला तर सुटतो. कढईत वाफ बसली की दाणे पारदर्शक होतात, कडा एकमेकांत मिसळतात, आणि थोडं जास्त झालं तर खिचडीचा गोळाच होतो. क्लेमध्ये साबुदाण्याच्या जागी पीव्हीसीचे कण आणि पाण्याच्या जागी प्लास्टिसायझर. थंड असताना ते तेल कणांच्या मधल्या जागेत बसून असतं, म्हणून क्ले मळता येते. पीव्हीसीचे रेणू साधारण 80 अंशांच्या पुढे हलायला लागतात, तेल आत शिरतं, कण फुगतात. आणखी तापमान चढलं की कणांच्या सीमाच पुसल्या जातात आणि लांब साखळ्या एकमेकींत गुंततात. थंड झालं की तो गुंता तसाच राहतो. यात नवीन रासायनिक बंध तयार होत नाहीत. 'भाजणं' हा शब्द आपण वापरतो, पण खरं काम शिजण्याचं आहे.

याचा त्रास असा, की अर्धवट शिजलेला मणी हाताला कडकच लागतो. कण कडेकडेने चिकटलेले असतात, आतून नाही. सुईचा जोर आला की त्याच सीमांवरून तो फुटतो. बिस्किटासारखा, हे तिने अगदी बरोबर सांगितलं होतं.

उन्हानंतर तिने मामीचा जुना कुकर घेतला. तळाला पूर्णेची वाळू, वर जाळी, त्यावर ताटली, शिट्टी आणि रिंग काढलेली. गावाकडे केक असाच होतो आणि चांगला होतो. पण केकच्या पिठात भरपूर पाणी असतं, ते असेपर्यंत आतलं तापमान 100 च्या फार वर जात नाही, त्यामुळे केक आपल्या चुका पोटात घालतो. क्लेला तेवढी दया नाही. पाकिटावर साधारण 110 ते 130 अंश असं काहीतरी लिहिलेलं असतं, कंपनीनुसार वेगळं. रिकाम्या कुकरमध्ये वाळूजवळ ते कितीतरी जास्त आणि झाकणाजवळ बरंच कमी असू शकतं. तिने दोन थर लावले होते. वरच्या थरातले मणी मोडत होते, खालचे पांढरे मणी पिवळसर झाले होते. एकाच भांड्यात एक बाजू कच्ची, दुसरी करपलेली.

तो पिवळेपणा हलक्यात घेऊ नका. पीव्हीसी फार तापलं की साखळीतून हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडायला लागतो आणि साखळीत दुहेरी बंधांची रांग तयार होते. रांग लांबत गेली की रंग पिवळा, मग तपकिरी. साधारण 175 अंशांच्या पुढे धूर आणि डोळ्यांना झोंबणारा वास येतो. तो आम्लाचा वायू आहे. गॅस बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या आणि बाहेर यायचं, झाकण उघडून बघत बसायचं नाही. आणि ज्या कुकरमध्ये क्ले भाजली त्यात परत अन्न शिजवायचं नाही. मामीला हे सांगण्याचं काम मी बहिणीवर सोपवलं.

मग तिने शेजारच्यांचा ओटीजी आणला. तिथे वेगळंच. संध्याकाळी केदारखेड्यात व्होल्टेज पडतं. 230 च्या जागी 180 व्होल्ट आले तर हीटरची ताकद 180 भागिले 230 च्या वर्गाइतकी उरते, म्हणजे 61 टक्क्यांच्या आसपास. ओटीजीचा थर्मोस्टॅट थांबेल, पण टायमर थांबत नाही. बटण अर्ध्या तासावर फिरवलं, त्यातली पंधरा मिनिटं आत तापण्यातच गेली, टिंग वाजलं, आणि आपण समजतो झालं. शिवाय बटणावरचे आकडे आणि आतलं तापमान यांचं फार पटत नाही. मी तिला ओव्हनमध्ये ठेवायचा साधा काट्याचा थर्मामीटर घ्यायला लावला. मणी फरशीच्या तुकड्यावर ठेवायचे, वर अल्युमिनियम फॉइलचं सैल झाकण, आणि काटा पाकिटावरच्या आकड्यावर आल्यानंतर घड्याळ बघायला सुरुवात. जाड तुकड्याला वेळ जास्त.

खात्री करायची सोपी रीत आहे. मण्यांसोबत शंकरपाळीच्या पोळीइतकी पातळ एक पट्टी भाजायला ठेवायची. काढल्या काढल्या सगळंच मऊ लागतं, म्हणून पूर्ण गार होऊ द्यायची. मग वाकवायची. वाकली तर शिजली, कटकन तुटली तर परत आत. कच्चे राहिलेले मणी पुन्हा भाजता येतात, वाया जात नाहीत. (हे ऐकून फोनवर आलेला सुस्कारा मला अजून आठवतो.)

जिलेबीच्या कानातल्यांचीही तक्रार होतीच. नारंगी आणि पारदर्शक क्ले मिसळून ती मेंदीच्या कोनासारख्या नळीतून वेटोळी काढते, फार सुंदर दिसतात. पाकाची चमक यावी म्हणून वरून नेलपॉलिश लावते. आठवड्याभरात ते चिकट होतं आणि त्याला कापूस चिकटतो. प्लास्टिसायझर पीव्हीसीमध्ये बांधलेलं नसतं, नुसतं मुरलेलं असतं. शेजारी त्याला मानवणारं दुसरं काही आलं की ते तिकडे सरकतं. नेलपॉलिशचा थर मऊ पडतो तो म्हणूनच. कच्ची वडी कडक प्लास्टिकच्या डबीत ठेवली तर डबीचा तळ विरघळल्यासारखा होतो, तोही याच कारणाने. माझ्या प्रबंधाची दोन वर्षं याच सरकण्यात गेली आहेत. क्लेसाठीचं पाण्याचं वॉर्निश घे, म्हटलं.

एवढं झाल्यावर मी सहज विचारलं, संच कुणासाठी आहेत? पाच नव्या सुनांसाठी. तीन बोरन्हाणाचे.

इथे मी अडले. बोरन्हाणात लेकराला काळं झबलं घालून हलव्याचा मुकुट, हार, बाजूबंद घालतात, डोक्यावरून बोरं, हरभरे, उसाचे तुकडे, चुरमुरे आणि हलवा ओततात, आणि जमलेली पोरं ते वेचून खातात. तो खाण्याचाच सण आहे. त्या पोरांना शिकवलंय की गळ्यातलं पांढरं काटेरी ते गोड. त्याच गळ्यात हुबेहूब क्लेचा मणी घातला तर एक वर्षाचं पोर काय करेल?

"गिऱ्हाइकालाच क्लेचा पाहिजे, ताई. साखरेचा चिघळतो, मुंग्या लागतात, दुसऱ्या लेकराच्या वेळी चालत नाही."

तिचं चूक नव्हतं. साखर दमट हवेतलं पाणी ओढते. हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास गेली की कोरडी साखरही ओघळायला लागते. मराठवाड्याच्या जानेवारीत दागिना छान टिकतो, जूनमध्ये पिशवीत पाक होतो. पण तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी एक चाचणी असते. साधारण 32 मिलिमीटर रुंदीच्या नळकांड्यात जो तुकडा पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो, असं धरतात. तिचे मणी वाटाण्याएवढे. शिवाय प्लास्टिसायझर कोणतं हे पाकिटाशिवाय कळत नाही. काही थॅलेट प्रकारांवर युरोपने खेळण्यांसाठी 0.1 टक्क्याची मर्यादा घातली, आपल्याकडे आयएस 9873 चा सहावा भाग त्यावर आहे. चांगल्या कंपन्या आता थॅलेट नसल्याचं पाकिटावर लिहितात. सुट्या, बिननावाच्या वड्यांवर काहीच नसतं. तरी मला थॅलेटपेक्षा घशाची भीती जास्त वाटली.

आमचं थोडं वाजलं. "तू फक्त भीती घालतीस," म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनेच तिन्ही घरी फोन केले. दोघी साखरेच्या संचाला तयार झाल्या, तिसरीने पैसे परत मागितले आणि तिने दिले. सुनांचे पाच संच ओटीजीतून पुन्हा काढले, पट्टी वाकली. प्रत्येक डबीत 'खाण्याचा नाही' अशी चिठ्ठी घातली. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत चालतं म्हणून साखरेच्या दोन संचांना वेळ मिळाला. हलवा करायला मामी बसली.

तीन दिवसांनी मामीचाच फोन. "काटा येईना गं. तुझ्या शास्त्रात काय आहे याच्यावर?"

साबुदाण्याचे दाणे परातीत मंद आचेवर, त्यावर चमचाभर पाक, आणि बोटांनी सतत हलवणं. पाकातलं पाणी उडतं, साखर दाण्यावर बसते, मग पुढचा चमचा. पाक एका वेळी जास्त पडला किंवा पातळ राहिला तर आधी उगवलेले बारीक काटे त्यातच विरघळतात आणि दाणा गुळगुळीत होतो. मी विचारलं, किती घालताय? "पळीभर," मामी म्हणाली, "लवकर व्हावं म्हणून." चमच्यावर या, म्हटलं, आणि आधीचा पाक पूर्ण कोरडा झाल्याशिवाय पुढचा घालू नका.