माळ्यावरचा प्रिंटर

गगनबावड्याच्या पावसात कपाटातल्या पुस्तकांनाही बुरशी धरते. मग मरहूम अब्बांचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर माळ्यावर काय टिकणार? खाली काढला तेव्हा अम्मी म्हणाली, "देऊन टाक भंगारात." पण याच यंत्रावर लोकांचे अर्ज छापून अब्बांनी आम्हा भावंडांना शिकवलं होतं. दहावीतली लेक म्हणाली, "अब्बू, एकदा लावून तरी बघू."

या यंत्राची रचना साधी आहे. १९८० साली आलेल्या एप्सनच्या एमएक्स-८० या गाजलेल्या प्रिंटरप्रमाणे याच्याही हेडमध्ये ९ बारीक सुया आहेत. त्या शाईच्या रिबिनीवर आपटतात आणि कागदावर ठिपक्यांचं अक्षर उमटतं. सुई खरोखर आपटते, म्हणून एका फटक्यात कार्बनच्या प्रतीही निघतात. लेझर प्रिंटरला हे जमत नाही.

वीज जोडण्याआधी आम्ही ब्रशने धूळ काढली. हेड ज्या दांड्यावरून सरकतं, त्यावरचं चिकट झालेलं जुनं तेल पुसलं आणि शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात फिरवला. हेडचं टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केलं. रिबीन सुकली होती, ती नवी घातली. वीजपुरवठ्याचा भाग मात्र उघडला नाही. तिथे धोका असतो, ते काम कारागिराचंच.

मग लाइन फीडचं बटण दाबून धरून स्विच चालू केला. संगणक न जोडताच प्रिंटर स्वतःची चाचणी छापतो. प्रत्येक ओळीत एक बारीक पांढरी रेघ राहिली, म्हणजे एक सुई अडकली होती. दोनदा साफ केल्यावर ती सुटली. ही चाचणी आधी केलेली बरी. दोष यंत्रात आहे की जोडणीत, ते कळतं.

जोडणीतच खरी मेख होती. प्रिंटरला ३६ पिनांचं पॅरलल सॉकेट, तर लॅपटॉपला फक्त यूएसबी. यूएसबी-पॅरलल केबल आणली आणि दोन्ही यंत्रं बंद ठेवून जोडली. आधी विंडोजमधला फक्त मजकूर छापणारा ड्रायव्हर निवडला. इंग्रजी उमटलं, मराठीच्या जागी भलतीच चिन्हं आली. कारण प्रिंटरच्या स्मृतीत देवनागरी अक्षरंच नाहीत. मग एप्सन एलएक्स मालिकेचा ड्रायव्हर घेतला. तो सगळं पान चित्र म्हणून पाठवतो. छपाई संथ होते, पण मराठी आणि उर्दू दोन्ही नीट उमटतात.

लेकीने पहिल्या पानावर दोन्ही लिप्यांत आजोबांचं नाव छापलं. तो करकर आवाज ऐकून अम्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली. पान हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "रात्री याच आवाजात तुम्ही झोपायचात."

भंगारवाला पुढच्या आठवड्यात आला. अम्मीनेच त्याला दारातून परत पाठवलं.