दिवाणांचं पत्र आणि दुकानातली लक्ष्मी

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय.

आमच्या जरीपटक्याच्या बाजारात एक चक्कर मारा. गल्ल्याच्या वर लक्ष्मीची तसबीर दिसेलच. कमळावर उभी, चार हात, बाजूला हत्ती. हे रूप घरोघरी पोचवलं राजा रवि वर्मांनी. पण राजेरजवाड्यांची पोर्ट्रेट्स काढणारा माणूस दुकानांच्या भिंतीवर आला कसा? यात एका पत्राचा मोठा वाटा आहे.

पत्र लिहिलं सर टी. माधवरावांनी. तंजावरकडचं मराठी घराणं. त्रावणकोर, इंदूर, बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेला माणूस. बडोद्यात असताना त्यांनी रवि वर्मांना तिथे बोलावून तरुण सयाजीरावांचं चित्र काढून घेतलं होतं. पुढे १८८४ च्या सुमारास त्यांनी कळवलं, ते असं: तुमची चित्रं पुष्कळांना हवी आहेत, पण हात दोनच. निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांचे ओलिओग्राफ छापून घ्या. तुमचं नाव होईल, देशाचीही सेवा घडेल.

आमच्या ऑफिसच्या भाषेत हा सरळ स्केलिंगचा प्रॉब्लेम! पण मला गंमत वाटते ती वेगळीच. जे चित्र फक्त आपल्याच दिवाणखान्यात आहे, त्याचाच तर श्रीमंताला तोरा असतो. इथे दरबारातलाच माणूस सांगतोय, प्रती काढा.

रवि वर्मांनी १८९४ मध्ये छापखानाच काढला, तोही मुंबईत, गिरगावात. यंत्रं आणि कारागीर जर्मनीचे. काम भयंकर किचकट. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. दगडावर तेलकट शाईनं उलटं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, म्हणजे रंग फक्त तेलकट जागी धरतो. एकच कागद एकेका दगडावरून जाणार. जरा सरकला की लक्ष्मीचे ओठ गालावर!

ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते, त्यांनाही आता देव घरात टांगता येणार होता.

धंदा मात्र बसला. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, कर्ज वाढलं. छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला आणि शेवटी फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला. रवि वर्मा १९०६ मध्ये गेले. मळवलीला त्यांच्या लक्ष्मीच्या प्रती त्यानंतरही निघत राहिल्या.