व्यसन : काही मूलभूत संज्ञा

बंगळूर येथे १९७४ साली स्थापन झालेल्या 'निम्हान्स' या संस्थेत व्यसनाकडे दुर्गुण म्हणून नव्हे, तर आजार म्हणून पाहिले जाते. या दृष्टीमागील संज्ञा समजून घेणे अगत्याचे आहे.

१९६४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने 'व्यसन' व 'सवय' या दोहोंऐवजी 'अवलंबित्व' ही संज्ञा सुचविली. द्रव्याची अनावर ओढ म्हणजे 'तलफ'. पूर्वीच्याच मात्रेचा परिणाम उणावू लागला, की शरीरात 'सह्यता' आली असे म्हणतात.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. दीर्घकाळ अतिमद्यपान करणाऱ्याने मद्य एकाएकी सोडल्यास हातांना कंप सुटतो; काहींना झटके येतात, भ्रम होतो आणि उपचारांअभावी प्राणही जाऊ शकतात. याउलट, अफूपासून बनणारी द्रव्ये काही काळ वर्ज्य केल्यावर सह्यता ओसरते. अशा वेळी जुनीच मात्रा पुन्हा घेतल्यास श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो.

सारांश, व्यसन सोडण्यास निश्चय हवाच. परंतु त्याला डॉक्टरांच्या देखरेखीची जोड असणे तितकेच आवश्यक आहे.